मारुती ८००, मॉडेल १९९१: कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

कागलच्या अलीकडे एका गावात गाडी बघून आले. मारुती ८००, १९९१ ची, एमएच ०९, रंग पांढरा होता असं आरसीवर लिहिलंय. मालक निवृत्त पशुवैद्यक. दोन वर्षं गाडी गोठ्याच्या पडवीत उभी आहे. चारही चाकं बसलेली, बॉनेटवर कोंबड्यांचा वावर.

मारुतीच का, तर सुटे भाग अजून मिळतात. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली आली ती चौकोनी ठेवणीची. ही १९८६ नंतरची, जरा गोलसर. शेवटची निघाली जानेवारी २०१४ मध्ये. तीस वर्षं एकच गाडी विकली गेल्यावर तिच्या नटबोल्टांची उणीव भासत नाही. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर. म्हणजे मला कळेल असं. आमच्या दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि त्यावर हात ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं चुंबक रुमालात गुंडाळून नेलं होतं. पत्र्यावर फिरवत गेले. दरवाजे, छत, पुढचे मडगार्ड, सगळीकडे घट्ट धरलं. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर मात्र सुटून खाली पडलं. तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, बोटभर जाडीची. डॉक्टर म्हणाले, "हां, तिथं एकदा बैल लागला होता." बैल गाडीला लागला की गाडी बैलाला, ते विचारलं नाही.

चॅसिस नंबर बॉनेटच्या आत, काचेखालच्या उभ्या पत्र्यावर. ब्रशने घासून वाचला, आरसीशी जुळला. नोंदणी मार्च २०२६ पर्यंत आहे. आरसीवर ९१ सालच्या कर्जाची एचपी, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, अजून तशीच! कर्ज फिटून पंचवीस वर्षं झाली, उतरवायला कुणी गेलंच नाही. ते काम डॉक्टरांनी करून द्यायचं या बोलीवर २८ हजारांना सौदा. त्यांनी ४५ सांगितले होते.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "वजनावर घेतलीस का?" वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आहे, त्यामुळे हिशेब फारसा वेगळा पडला नसता.

१४ जून, शनिवार

गाडी घरी आली, उसाच्या ट्रॉलीत बसून. मागची चाकं जाम होती, त्यामुळे दोरी बांधून ओढण्याचा प्रश्नच नव्हता. शेताच्या बांधाला ट्रॉली लावली, दोन फळ्या टाकल्या, सहा माणसांनी ढकलली. लांबीला इतकी बेताची बसली की मागचा फाळका लावता आला नाही, तो दोरीने बांधला. वाटेत दोन जणांनी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, किती टनेज पडलं.

२२ जून, रविवार

चावी फिरवण्याचा मोह आवरला. आधी सगळं उघडून बघायचं.

एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत भुईमुगाच्या शेंगांची फोलफटं, गच्च, कडेपर्यंत. मधे कापडाच्या चिंध्या आणि डॉक्टरांच्या कापसाचं मऊ घर. उंदीर केव्हाच निघून गेलेत, पण जाताना कॉइलकडची वायर खाऊन गेलेत. चौदावर्षीय चिरंजीवांनी पाऊण बादली फोलफटं काढली. (मदतीला आहे. मोबदला ठरलाय, इथे लिहीत नाही.)

टाकीतलं पेट्रोल सोडलं. रंग काळ्या चहाचा, वास व्हार्निशचा. प्लग काढून तिन्ही भोकांत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि झाकून ठेवलं. रात्री क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवलं. आधी नाही, मग जरासं, मग सावकाश पूर्ण वेढा. जाम नाही! आजच्यापुरतं एवढं पुष्कळ.

६ जुलै, रविवार

आज आषाढी. साबुदाण्याच्या जोरावर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, तपासलं. पहिला १५०, दुसरा १४५, तिसरा ९० पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं, तरी ९५ च. ऑइल घातल्यावर आकडा चढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं म्हटलं असतं. चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हकडून.

हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम म्हणजे दहा हजार गेले, असं मनाशी म्हणत टॅपेट कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारं टॅपेट यांच्यात बारीक फट लागते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.०५ मिलिमीटरची मापाची पातीसुद्धा शिरेना. बाकीचे टॅपेटही घट्टच. उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना फोन केला. ते हसले. "टॅपेट वाजतंय म्हणून गिऱ्हाईक बोंबलतंय बाई. मग कोणतरी आवळून देतंय. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश."

आवाज बंद, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बसला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि मग तो कडेने जळायला लागतो. नशीब, गाडी तेवढी चाललीच नाही. सगळे टॅपेट मापात लावून इंजिन हाताने वीसेक वेढे फिरवलं, पुन्हा मोजलं. तिसरा १३०. चालेल.

कव्हर परत बसवताना माझ्याकडून एक नट जास्त आवळला गेला आणि स्टड मुळाशी कटकन तुटला. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, सहा मिलिमीटरचा स्टड आणि मी दोन्ही हातांनी पाना ओढतेय. मामांनी येऊन तो काढून दिला, तीनशे रुपये घेतले आणि बोलले काहीच नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२० जुलै, रविवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पंचगंगा पात्राबाहेर आहे. पोर्चवर ताडपत्री ताणून त्याखाली काम.

टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीचा एक तुकडा कधीतरी कुणीतरी बदललेला होता. त्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची पाइप, दोन्ही टोकांना बाइंडिंग वायरचे वेढे. आता ती पिवळी पडून बांगडीसारखी कडक झाली होती. वाकवली तर मोडली. सगळ्या नळ्या नव्या घेतल्या आणि दुकानात मुद्दाम इथेनॉलला चालणाऱ्या मागितल्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९१ च्या रबराला ते मानवत नाही, फुगतं, मऊ पडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून गंजायला वाव. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असण्याचा संभव आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार.

टाकीत मूठभर नट आणि रॉकेलऐवजी डिझेल घालून मुलाने आणि मी ती पाळण्यासारखी हलवली. तीन वेळा. पहिल्या वेळी विटकरी चिखल निघाला, तिसऱ्या वेळी जरा माणसातलं पाणी.

कार्ब्युरेटर उघडला. आत पेट्रोल मोजून सोडणारे दोन जेट. स्लो जेट बंद. मेन जेटचं भोक भिंगातून पाहिलं तर गोल नाही, एका बाजूला ओरखडे. तारेने साफ केलेलं. जेट पितळेचं असतं आणि त्याचं भोक हेच त्याचं माप. तार घातली की माप बिघडलं, मग गाडी पेट्रोल पिते म्हणून ओरडायचं. दोन्ही जेट, गॅस्केट, पंपाचा पडदा मिळून १,१५०.

३ ऑगस्ट, रविवार

चालू झाली.

नवी बॅटरी, नवे पॉइंट (फट ०.४५), नवा कंडेन्सर. पहिल्या प्रयत्नात सायलेन्सरमधून एक बार उडाला आणि शेजारचं कुत्रं पळालं. प्लगच्या वायरी १-२-३ अशा लावल्या होत्या. या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे, आणि तो मी आदल्या रात्री कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला होता. वायरी बदलल्या, चोक ओढला, तीन-चार ढेकर, मग चालू. तीन सिलिंडरची ती लंगडी लय ऐकली आणि नवराही बाहेर आला. पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "धूर फार आहे." धूर नव्हता, सायलेन्सरमधलं पाणी होतं. पण बाहेर आला हे महत्त्वाचं.

१० ऑगस्ट, रविवार

वीस मिनिटं चालू ठेवली तरी तापमानाचा काटा खालीच. पंखा मात्र चावी फिरवल्यापासून गरगरतोय. पाण्याच्या नळीचं तोंड उघडून पाहिलं. इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणाऱ्या थर्मोस्टॅटची जागा रिकामी. पंख्याच्या वायरी थर्मोस्विचकडून (पाणी तापलं की पंखा लावणारा) तोडून थेट इग्निशनला जोडलेल्या, वर मेडिकलच्या चिकटपट्टीची गुंडाळी. डॉक्टरांच्या घरची.

मामांना विचारलं. "काढूनच टाकायचं असतंय ते. सगळ्यांचं काढतोय आम्ही. इंजिन थंड राहतंय."

थंड राहतं हे खरं, आणि दोष तोच. इंजिनाला ठरलेल्या तापमानाला यायचं असतं. आलं नाही तर चोक लांबतो, पेट्रोल जास्त जळतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं. रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी होतं, गंजून गूळपाण्यासारखं झालेलं. वादात मी जिंकले, पण मामांच्या चेहऱ्यावर तसं दिसलं नाही.

नवा थर्मोस्टॅट आणला, २८० रुपये. त्यावर ८२ कोरलंय. बसवण्याआधी तपासायचं होतं. चहाच्या पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी शाळेतला थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याची उष्णता लागते. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "काय शिजतंय?" सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या मधे पितळेच्या चकतीखाली केसाएवढी रेघ दिसली, मग तिची फट झाली, आणि नव्वदीच्या वर चकती चांगली पेरभर वर उचलली गेली. गॅस बंद केला तशी हळूहळू खाली येऊन मिटली. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं, एवढंच. नववीला प्रसरण शिकवताना मी अठरा वर्षं लोखंडी गोळा आणि कडं दाखवतेय. यंदा हा नेणार आहे.

सासूबाई दोनदा बघून म्हणाल्या, "पातेलं आता चहाला नको." रास्त आहे.

थर्मोस्टॅट बसवला. पंख्याच्या वायरी मूळ जागी नेल्या. नवा थर्मोस्विच मूळ कंपनीचा मिळेना, दुसऱ्या बनावटीचा १८० ला मिळाला तो लावला. कूलंट भरलं. काटा मध्यावर येऊन थांबला, पंखा आपोआप लागला, आपोआप थांबला.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीत महिना गेला. या दोन आठवड्यांत पत्र्याचं काम.

ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढली. खाली डांबराचा थर. मुलगा खुरप्याने डांबर खरवडत होता, मधेच म्हणाला, "आई, इथं सूर्यफूल आहे." बघितलं तर खरंच. खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा कापून, सपाट करून, तो तुकडा रिबिटांनी फ्लोअरवर ठोकलेला. पिवळ्या पाकळ्या, हिरवं पान, खाली "शुद्ध" एवढी अक्षरं. ठिगळाच्या खालचा मूळ पत्रा वेफरसारखा. ठिगळ उचललं तशी जमीन दिसली.

गंजाचं कारण शोधायला वेळ लागला नाही. दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्यांना तळाशी भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. कुणीतरी "खालून पाणी येऊ नये" या काळजीने तीही डांबराने बुजवली होती. पाणी वरून येतं. काचेच्या रबरातून, दरवाज्यातून, आपल्या चपलांमधून. बाहेर जायची वाट बंद झाली की ते तिथेच बसून पत्रा खातं.

आतापर्यंत ही गाडी म्हातारपणाने बिघडलेली मला कुठे दिसलीच नाही. जिथे उघडावं तिथे आधीच्या कुणाची तरी दुरुस्ती निघते. मी गाडी दुरुस्त करत नाहीये, दुरुस्त्या दुरुस्त करतेय.

डेंटिंगवाल्याने सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, २० गेजचा पत्रा घालून सीओटू वेल्डिंगने जोडला. टाके लांब लांब, एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. वर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलंट, खालून कोटिंग. भोकं मी स्वतः खिळ्याने मोकळी केली. मागच्या कमानीची पुट्टीही काढून नवा पत्रा. एकूण ११,५००. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, आणि कुणाला दिसणारही नाही. सूर्यफूल मुलाने खोलीत लावलंय.

२८ सप्टेंबर, रविवार

ब्रेक. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण रात्री झोप लागली नाही.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली, मागचे ड्रम काढले. उजव्या बाजूचं व्हील सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारं) गंजून जाम, त्यामुळे चाक जाम, ते अपेक्षित होतं. डावीकडचं सिलिंडर कोरडं ठणठणीत. फ्लुइडचा थेंब नाही. का नाही, म्हणून पाइप हाताने चाचपत मागे गेले. अ‍ॅक्सलच्या जरा अलीकडे तो बोटाला चपटा लागला. बॅटरी मारून पाहिलं: पाइप हातोडीने ठोकून चपटा केलेला, मग दुमडलेला, मग पुन्हा ठोकलेला. व्हील सिलिंडर गळत होतं, ते बदलण्याऐवजी त्याच्याकडे जाणारी वाटच बंद करून टाकली. गळती थांबली. गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर किती वर्षं चालली देव जाणे. जोरात ब्रेक मारला की एका बाजूला ओढत असणार. बैलाचं कोडं मला इथे सुटलं असं वाटतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांना माहीतच नव्हतं. "गळतंय म्हणून दिली होती, दुसऱ्या दिवशी गळायची थांबली."

दोन्ही व्हील सिलिंडर, ब्रेक शू, मास्टर सिलिंडरचं किट, चारही रबरी होज, मागचे दोन्ही पाइप नवे. पुढच्या डिस्कवर खाचा होत्या, त्या लेथवर साफ करून पॅड बदलले. ६,४०० रुपये. मग ब्रेकच्या पाइपांतली एअर काढायची. लांबच्या चाकापासून सुरुवात. मुलगा पेडलवर, मी खाली. दाब. धरून ठेव. सोडू नको. आता सोड. तासाभराने पाइपमधून बुडबुडे यायचे थांबले आणि पेडल पायाला दगडासारखं लागलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाने, हातोडी, फीलर गेज, मल्टिमीटर आणि थर्मामीटर मांडून पूजा. गाडीला झेंडूचा हार. उद्या दसरा. पहिली फेरी शंभर मीटरची, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत.

१२ ऑक्टोबर, रविवार

टायर बदलले. जुन्यांवर खाच नवीकोरी होती म्हणून ठेवावेत असं नवऱ्याचं मत. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले: २२०९. म्हणजे २००९ सालचा बाविसावा आठवडा. नवीन चार, १० हजारांत.

कागदपत्रं: एचपी उतरली. डॉक्टरांनी बँकेत पाच खेपा घातल्या, त्यांचे आभार. फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करायला टाकली. नव्या नंबरप्लेटा लावल्या, ७४५ अधिक जीएसटी. मार्चमधल्या नूतनीकरणाचं शुल्क मात्र ऑगस्टपासून वाढलंय. वीस वर्षांवरच्या मोटारीला आता १० हजार, आधी पाच होते. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. इन्शुरन्स, पीयूसी झालं. पीयूसीवाला मशीनकडे बघून म्हणाला, "कुणाचं काम?" मी काही बोलले नाही, पण घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पन्हाळा. अंतर वीसेक किलोमीटर, पण शेवटी चढ आहे, म्हणून परीक्षा तिथेच घ्यायची असं जूनपासून ठरलेलं. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे वर गर्दी.

वाघबीळपर्यंत सुरेख. खिडकी उघडी, साठच्या वेगात सगळी गाडी बोलते: दरवाज्याचं रबर, डॅशबोर्ड, मागची काच. चढाला लागलो. दुसरा गिअर, पुढे बस, मागे रांग. काटा मध्यावरून वर सरकला. मी पंख्याच्या आवाजाची वाट बघतेय. काटा तीन चतुर्थांश. पंखा नाही. इंजिनाची उष्णता काढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला, मुलगा म्हणाला मेलो. वळणावर जागा बघून बाजूला घेतली.

बॉनेट उघडलं. पंख्याला हाताने ढकललं, मोकळा फिरतो. फ्यूज ठीक. राहिला थर्मोस्विच, तो १८० रुपयांचा. गरम होऊनही जोडत नव्हता. खिशात वायरचा तुकडा नाही. पानांची पेटी घरी, कारण "आता काय लागणार आहे". केसातला आकडा काढला, दगडावर घासून त्याचा काळा रंग खरवडला, स्विचचं कनेक्टर उपसून त्याच्या दोन टोकांत बसवला. चावी दिली. पंखा गरगरायला लागला. मुलाने शाळेच्या डब्याभोवतीचं रबर दिलं, ते वरून गुंडाळलं.

दहा मिनिटांनी काटा खाली आला. वर जाऊन झुणका-भाकरी खाल्ली, तबक उद्यानापाशी फोटो काढले, उतरलो. पंखा घरापर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी मामांना सांगितलं. त्यांनी "डायरेक्ट केला?" एवढंच विचारलं आणि फोनवर बराच वेळ हसत राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आरसी आली, माझ्या नावाची. आजपर्यंतचा खर्च, गाडीच्या किमतीसकट, ७४ हजार ३००. रंगकाम उन्हाळ्यात.

मूळ बनावटीचा थर्मोस्विच पुण्याहून, नाना पेठेतून मागवला होता, तो दहा दिवसांपूर्वी आला. डब्यात आहे. पातेल्यात घालून तपासायचाय आधी. आकडा अजून तिथेच आहे. रबराच्या जागी आता चिकटपट्टी लावलीय.